भवानीचं गिऱ्हाईक

रविंद्र सरांनी साठी ओलांडेपर्यंत मेथीची एक जुडी स्वतः विकत घेतली नव्हती. खाल्ली असेल गाडाभर, पण ती आणली कोणी, निवडली कोणी, असले प्रश्न विज्ञानाच्या या मास्तरांना कधी पडले नाहीत. इंदापूरचा आठवडे बाजार त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर भरायचा आणि दर रविवारी सकाळी सर ओट्यावर पेपर वाचत बसायचे. बाजाराला जाणारी-येणारी माणसं समोरून जायची, सर मान हलवून नमस्कार घ्यायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, आपल्याला वेळ नसतो. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी त्यांना वेळ नव्हता. आता बोला.

बाजार केसरबाई करायच्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी बाजार चुकवला तो फक्त बाळंतपणात. पण पौषात त्यांच्या गुडघ्याचं बारामतीला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उंबऱ्याच्या आत राहायला सांगितलं. लेक मेघना रजा काढून आली होती. तिनं दोन रविवार कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लास्टिकमध्ये बांधलेल्या भाज्या आणून भागवलं आणि शनिवारी ती पुण्याला नोकरीवर परत गेली. घरात उरले सर, केसरबाई आणि फ्रीजमध्ये एक म्हातारं झालेलं गाजर.

गाजराचं काही नव्हतं. काळजी होती ती केसरबाईंची. ऑपरेशन झाल्यापासून बाई धड जेवल्या नव्हत्या. तोंडाला चव नाही म्हणायच्या, दोन घास चिवडायच्या आणि ताट बाजूला सारायच्या. गोळ्या चालल्या होत्या उपाशीपोटी. गालफडं बसली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सर घाबरले होते. तसं ते कोणाला बोलले नाहीत, पण रात्री दोनदा उठून त्या नीट श्वास घेतात का ते बघायचे.

आणि त्या रविवारी सकाळी चहा पिता पिता केसरबाई म्हणाल्या, "पाथरी खावीशी वाटतीया बगा."

पाथरी म्हणजे शाळूच्या रानात आपोआप उगवणारी कडवट पालेभाजी. शिजवायची भानगड नाही. मीठ लावायचं, वर तेल-चटणी आणि गरम भाकरी. दुकानात ती मिळत नाही, मिळते ती बाजारात, तीही कोणी रानातून खुडून आणली तर. सर कपात चहा तसाच ठेवून उठले. इतक्या दिवसांत बाईंनी पहिल्यांदा तोंडानं काही मागितलं होतं.

केसरबाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पहिल्यांदा द्वारकाबाईकडं जायचं, ती बावड्याहून येते, लिंबाच्या झाडाखाली बसते, आणि गेल्यावर असं करायचं, तसं करायचं नाही. सर तेव्हा चपला शोधत होते. पस्तीस वर्षं मुलांना 'लक्ष कुठं आहे' म्हणून ओरडलेल्या माणसानं बायकोचं निम्मंच ऐकलं. लिंबाचं झाड तेवढं लक्षात राहिलं.

निघताना हातात पिशवी आली आणि सरांचं तोंड वाकडं झालं. ती पिशवी त्यांच्याच जुन्या तपकिरी टेरिकॉटच्या पॅन्टची होती. ज्या पॅन्टवर त्यांना आदर्श शिक्षकाचा नारळ-शाल मिळाली, त्याच पॅन्टला केसरबाईंनी खालून टाके घालून, वर लाल पट्ट्यांचे बंद लावले होते. मागचा खिसा बटणासकट तसाच बाहेर होता. सरांनी ती घडी घालून काखेत दाबली. चारचौघात कोणी पाहिली असती तर सरांची आयुष्यभराची इस्त्री मोडली असती.

जुन्या पेठेतून खाली उतरलं की बाजाराचा आवाज आधी येतो आणि बाजार मागून. सर वळले आणि थबकलेच. आपल्या गावात हे एवढं सगळं आहे? निमगाव केतकीच्या विड्याच्या पानांच्या डागा, ओल्या फडक्याखाली थंडगार. डाळिंबांच्या पाट्या, पेरूंचे ढीग, एकीकडं लसणाचे वेढे आणि मिरच्यांची रास, की नुसतं शेजारून गेलं तरी ठसका लागावा. कढईतून शेव निघत होती, गोडीशेवेवर माश्या आणि पोरं सारख्याच संख्येनं घोंगावत होती. एका पोराच्या पाटीत कोवळा हुरडा होता. सरांनी दोन दाणे तोंडात टाकले, मग आणखी दोन टाकले, आणि ते पुढं सरकले. या पोराला आपण नववीत नापास केलं होतं, हे त्यांना दाणे चावताना आठवलं. पोरगं मात्र "सर, अजून घ्या की" म्हणत होतं.

सर खुशीत आले. उगीच इतकी वर्षं आलो नाही, असं त्यांना वाटलं आणि लगेच त्यांनी तो विचार झटकला.

लिंबाखाली बायकांची रांग होती आणि पहिलीच म्हातारी द्वारकाबाई असणार हे उघड होतं. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि समोर पोत्यावर मेथी, शेपू, करडई आणि एका अंगाला पाथरीची एकच टपोरी जुडी. सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी भाव विचारला. म्हातारी जुडीकडं बघत जरा घुटमळली, पण तिनं सांगितला. झालं, आता पैसे द्यायचे आणि जुडी घ्यायची, इतकं सरळ होतं. पण सर पडले विज्ञानाचे. निरीक्षण, तुलना, अनुमान. एका ठिकाणच्या भावावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे त्यांनी किती बॅचेसना शिकवलं होतं. ते म्हणाले, पुढं बघून येतो.

द्वारकाबाईचा चेहरा पडला. "अवो, भवानीचा वखत हाय. इचारलंय तर काय तर घ्या. कोथमिरीची काडी घ्या, पर तसंच जाऊ नगा."

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती ज्याच्या हातून होते त्याच्या हातगुणावर दिवसाचा धंदा ठरतो, असं बाजार मानतो. पहिल्या गिऱ्हाइकाला विकणारा परत पाठवत नाही आणि पहिल्या गिऱ्हाइकानं भाव विचारून रिकामं जायचं नाही. केसरबाईंनी चपला शोधण्याच्या वेळी सांगितलेलं निम्मं ते हेच. पण सरांनी ते ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं असतं तरी पटलं नसतं. त्यांनी तिथंच उभं राहून द्वारकाबाईला समजावलं की पहिलं गिऱ्हाईक आणि विसावं गिऱ्हाईक यांच्या हातात काडीचा फरक नसतो, हात म्हणजे हाडं आणि स्नायू, आणि भाजी विकली जाते ती ताजेपणावर. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. वर्गात कोणी इतकं शांत ऐकलं नव्हतं, त्यामुळं सरांना उमेद आली. मग त्यांनी रांगेतल्या पुढच्या बाईला भाव विचारला, मग तिच्या पुढचीला, मग आणखी तिघीचौघींना, आणि प्रत्येकीकडं "बघून येतो" म्हणून हात हलवत पुढं गेले. रांग संपली तेव्हा कोणाचीच भवानी झाली नव्हती आणि सगळ्यांची मोडली होती.

पाथरी दुसऱ्या कोणाकडं नव्हती, हे अनुमान निघालं. सर परत लिंबाखाली आले तर चित्र पालटलेलं. बायकांनी भाजीवर पोती ओढली होती. सरांनी पाथरी मागितली.

"संपली," द्वारकाबाई म्हणाली.

पोत्याखालून जुडीचे शेंडे बाहेर डोकावत होते. सरांनी ते दाखवले.

"ती ठिवलीया."

"कोणासाठी?"

"असंल कुनासाठी तरी. तुमच्यासाठी न्हाय." आणि म्हातारीनं तोंड फिरवलं. शेजारणीनं मोठ्यानं तपकीर ओढली.

आता सरळ चूक झाली म्हणावं, तर सरांची जीभ उचलेना. चूक कसली? ज्या गोष्टीविरुद्ध आयुष्यभर व्याख्यानं दिली, तिच्यासाठी माफी मागायची? चौदा एप्रिलच्या स्टेजवर 'हातगुण, पायगुण या गुलामीच्या बेड्या आहेत' हे वाक्य त्यांचंच होतं. सर ताठ मानेनं पुढं निघाले. पण बायकोनं मागून मागून काय मागितलं होतं, तर रानातला चार बोटं पाला, आणि तोही आपण आणू शकत नाही.

निदान मासे न्यावेत म्हणून ते मासळीच्या बाजूला वळले. उजनीच्या पाण्यातली चिलापी ओल्या गोणपाटावर चमकत होती. विकणारी पोरगी तिशीतली, रेश्मा नावाची. हात चालत होते आणि तोंडही. तिनं मासा साफ करून दिला, सरांनी नाइलाजानं काखेतली पिशवी काढून झटकली, आणि रेश्माची सुरी हवेतच थांबली.

"थांबा. ही पिशवी तुमच्याकडं कशी आली?"

सर म्हणाले, ही माझी पॅन्ट आहे.

"पॅन्ट तुमची असंल. पिशवी केसरमावशीची हाय."

आजूबाजूची माणसं बघायला लागली. सरांना त्या गर्दीत, मागच्या खिशाचं बटण दाखवून, आपण या पॅन्टचे आणि केसरबाईंचेही मालक असल्याचं सिद्ध करावं लागलं. मग रेश्मा हसली आणि तिनं प्रश्नांची सरबत्तीच लावली. मावशी कशी आहे, दोन रविवार का आली नाही, आणि ऑपरेशनचं कळल्यावर, पाय टेकते का, कोण करून घालतं. सरांना कळेना की आपल्या घरची एवढी खबर घेणारी ही कोण. तिनं एक मासा वर टाकला, तो मावशीला म्हणून. आणि मग ती सांगत सुटली. मावशीवाचून भाजीची रांग कशी ओस पडली आहे, द्वारकाआजी कशी तोंड पाडून बसते. मावशीच्या हातची भवानी झाली की आजीचा माल दुपारच्या आत खलास. आता तर सगळी रांगच तिची वाट बघत थांबते. दोन रविवार झाले, आजी कोणाला हात लावू न देता एक पाथरीची जुडी बाजूला काढून ठेवते, मावशी आली तर असावी म्हणून, आणि संध्याकाळी सुकलेली घरी नेते.

"आन आज तर कहरच झाला. कोन तरी शाना आला आन समद्यांची भवानी मोडून गेला म्हनं."

"तो शहाणा मीच," सर म्हणाले.

तिथून ते तडक घरी आले. मासे मोरीत ठेवले, पिशवी खुंटीला मारली आणि केसरबाईंच्या पलंगासमोर उभे राहिले. ऑपरेशन झालेल्या बाईवर ओरडू नये एवढं भान होतं, म्हणून ते अत्यंत हळू आवाजात रागावले. मी स्टेजवर काय बोलतो आणि माझ्या घरात काय चालतं? हातगुण? तू? तुला हे पटतं?

केसरबाई उशीला टेकून ऐकत होत्या. सरांचं झाल्यावर त्यांनी सांगितलं की पटत नाही. द्वारकाबाई नवरा गेल्यावर पहिल्यांदा बाजारात बसली त्या दिवशी कोणी तिच्याकडं फिरकेना, म्हणून केसरबाईंनी आपली तिच्याकडं मेथी घेतली. त्या दिवशी तिचा माल खपला. खपायचाच होता, भाजी कोवळी होती. पुढच्या रविवारी ती केसरबाईंची वाट बघत थांबली. त्यांनी तिला परोपरीनं सांगितलं की बाई, असलं काही नसतं. ती म्हणाली, नसंना, तू घे.

"मग स्पष्ट नाही म्हणायचं," सर म्हणाले.

केसरबाईंनी सासूबाईंचा विषय काढला.

"आत्याबाईनी मला समदं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमी बाजारात का जात न्हाई, त्ये."

सर खाली बसले. वेळ नसतो हे कारण खोटं होतं आणि ते घरात कोणाला माहीत नाही, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती. सर सात वर्षांचे होते. आई त्यांना घेऊन सकाळी सकाळी बाजारात गेली होती, कधी नव्हे ते लवकर, कारण पोराला ताजी वांगी हवी होती. आणि वांगीवालीनं सगळ्यांदेखत आईला उठवलं होतं. भवानीच्या वेळेला तुमचा हात नको, दिवस मोडल्यावर या. संध्याकाळी उरलीसुरली वांगी तिनं वरून पदरात टाकली. आईनं पैसे खाली जमिनीवर ठेवले, तिनं त्यावर पाणी शिंपडलं आणि मग उचलले. आई हसून म्हणाली होती, चल. पोरगं मात्र त्यानंतर बाजारात गेलं नाही. सगळ्यांचे हात सारखेच असतात, हे त्यांनी पुढं पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं.

"हात सारखंच असत्यात, मला काय कळत न्हाई व्हय?" केसरबाई म्हणाल्या. "पर त्याच बाजारात आत्याबाईच्या हाताला नगं म्हनत व्हते आन माझ्या हातासाठी थांबत्यात. म्या काय म्हनू त्यास्नी? येत न्हाई म्हनू?"

सर उठले, खुंटीवरची पिशवी घेतली, आणि या वेळी ती काखेत न दाबता खांद्याला लावून निघाले. पेठेत दोन माजी विद्यार्थी भेटले, त्यांनी पिशवीकडं बघितलं. सरांनी बघू दिलं.

लिंबाखाली पोती अजून तशीच होती. उन्हं वर आली तरी म्हातारी हटून बसली होती. सरांनी तिच्यासमोर बसकण मारली. आपण केसरबाईंचे मालक, हे त्यांना सांगावंच लागलं नाही, तिची नजर पिशवीवर गेली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"बाई, मघाशी माझं चुकलं," सर म्हणाले. "भवानी करायला आलोय."

द्वारकाबाईला हसू आवरेना, पण अशी संधी ती सोडते काय? "आन तुमचं शास्तर? हाडं न् काय काय?"

"ते घरी ठेवलंय. पिशवीत मावलं नाही."

सगळी रांग खदखदली. द्वारकाबाईनं पोतं दूर केलं, पाथरीची जुडी दोन्ही हातांनी उचलली, झाडली आणि पिशवीत नीट निजवली. सरांनी खिशातून नोट काढली. आणि त्यांच्याही नकळत त्यांचा हात खाली गेला. त्यांनी नोट पोत्याच्या कडेला, मातीवर ठेवली आणि हात मागं घेतला.

"खाली कशापायी ठिवता?" द्वारकाबाई म्हणाली. "माज्या हातात द्या की."

तिनं तळहात पुढं केला. भाजीच्या रसानं हिरवा झालेला, चिरा पडलेला. सरांनी नोट उचलली, तिच्या हातात ठेवली. त्यांची बोटं तिच्या हाताला लागली. म्हातारीनं ती नोट कपाळाला लावली, मग तराजूला लावली आणि कनवटीला खोचली. सरांना काही दिसेना. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, तरी दिसेना. रडू येत होतं आणि ते येऊ नये असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं.

तेवढ्यात शेजारणीनं हाक मारली, "सर, माजी बी भवानी करताया का तशीच मोडून जाताया?" मग तिच्या शेजारणीनं. मग पुढचीनं. सकाळी जेवढ्या भवान्या मोडल्या होत्या, तेवढ्या सरांनी एकेक करून जोडल्या. प्रत्येकीनं हात पुढं केला, प्रत्येकीच्या हातात त्यांनी पैसे ठेवले. भाव कोणालाच विचारला नाही. पाथरी कोणाकडंच नव्हती, त्यामुळं प्रत्येकीकडं मेथी घेतली. पॅन्ट कमरेपर्यंत भरली, उरलेली त्यांनी छातीशी धरली.

घरी आल्यावर सरांनी स्वतः भाकरी थापल्या. त्यांचा आकार भारताच्या नकाशासारखा झाला, पण फुगल्या. केसरबाईंनी पाथरीला मीठ चोळलं, तेल सोडलं, पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. कडवट आहे, म्हणाल्या. मग आणखी घास घेतला. सर बघत बसले होते. भाकरी निम्मी संपली, मग सगळी संपली, आणि बाईंनी ताटातून मान वर न करता विचारलं, "पैसं कुठं ठिवलं?"

"तिनं हातात घेतले," सर म्हणाले. "कपाळाला लावले." मग म्हणाले, "आईनं बगायला पायजे व्हतं, केसर."

घरात असं बोलायचं त्यांनी मास्तर झाल्यापासून सोडलं होतं. केसरबाईंनी ताट पुढं केलं आणि दुसरी भाकरी मागितली. सर उठून स्वयंपाकघरात गेले, तर ओटाभर, टेबलभर, फ्रीजवर आणि पेपरवर मेथीच मेथी होती. एवढी मेथी कोण खाणार, असं मागून विचारत केसरबाई हसायला लागल्या, आणि आता ही सगळी निवडायची कशी हे विचारायला सर जुड्या घेऊन त्यांच्या पलंगाशी येऊन बसले.